विलंबमाफी

वकिलीच्या व्यवसायात ज्या अर्जांवर नवख्या वकिलाचा हात लवकर बसतो, त्यांत विलंबमाफीचा अर्ज पहिला होय. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते आणि पक्षकार एकसष्टाव्या दिवशी दारात उभा राहतो. मग आजारपण, घरातील लग्नकार्य, निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ, नदीला आलेला पूर अशी खरीखुरी कारणे क्रमवार मांडावयाची आणि झालेला उशीर न्यायासनाने पोटात घालावा अशी विनंती करावयाची. मुदतीच्या कायद्याचे पाचवे कलम त्यासाठीच आहे. अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा मागताना तारतम्य सोडू नये. दिवसाचा मागावयाचा तर तासाचा का नको आणि क्षणाचा का नको? हा निकाल आम्ही किती वेळा पुढे केला असेल याची गणती नाही. त्यातील एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. ज्याचे अपील चार दिवस उशिरा आले होते, तो पक्षकार कोणी गरीब शेतकरी नव्हता; ते स्वतः सरकार होते.

सामान्य मनुष्य चार दिवस चुकला तर त्याने हात जोडावेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या कचेरीने पंधरा दिवसांत उत्तर द्यावयाचे ती तेरा महिने गप्प बसली, तर विलंबमाफीचा अर्ज कोणी कोणापुढे करावयाचा? हा प्रश्न आमच्यापुढे एका पक्षकाराच्या निमित्ताने उभा राहिला.

आमची कचेरी उज्जैनच्या देवास गेटला, एका जुन्या इमारतीच्या माडीवर आहे. समोर बसस्थानक, हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन, मधल्या जागेत लॉज, धर्मशाळा आणि पोह्यांच्या गाड्या. महाकालाच्या भस्मारतीसाठी निघालेले यात्रेकरू उजाडण्यापूर्वीच येथून जातात. त्या महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात केला, हे आमच्या वाचकांपैकी जे उज्जैनला येऊन गेले असतील त्यांस ठाऊक असेलच. यात्रेकरू गेल्यानंतरचे देवास गेट मात्र निराळे असते. काम शोधणारे, काम सुटलेले, कागदांची पिशवी काखेत मारून आलेले लोक तेव्हा जिना चढून येतात. एके काळी या शहरात नजरअली, विनोद, हिरा अशा कापडाच्या गिरण्या होत्या. त्या बंद पडल्या. त्यांतील कामगारांची मुले आणि नातवंडे आता लहानमोठ्या कारखान्यांत, बहुधा ठेकेदारामार्फत, काम करतात.

आमचा पक्षकार असाच एक. आजोबा खानदेशातून गिरणीत आले. वडील गिरणी बंद पडेपर्यंत तेथे होते. हा स्वतः शहराबाहेरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात होता. पगार महिना सुमारे बारा हजार; त्यातून विम्याची वर्गणी दरमहा कापली जाई. २०२१ च्या जूनमध्ये कारखान्याने माणसे कमी केली आणि त्याचे काम गेले.

येथे थोडे कायद्याविषयी लिहिणे भाग आहे. बेकारीत मनुष्याला सार्वजनिक साहाय्य मिळावे असे आपल्या घटनेचे ४१ वे कलम सांगते. पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही अट त्यातच आहे, आणि ही तत्त्वे न्यायालयाकडून बजावून घेता येणार नाहीत हे ३७ व्या कलमाने आधीच सांगून ठेवले आहे. १९४३ साली सरकारने प्राध्यापक बी. पी. आडारकर यांस कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास सांगितले. आडारकर हे आडनाव या मासिकाच्या वाचकांस परके वाटू नये. त्यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आकारास आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. विलायतेत बेव्हरिजसाहेबांनी १९४२ साली आजारपण, वार्धक्य आणि बेकारी यांची एकत्र मोट बांधली होती. आपल्याकडे आजारपण, बाळंतपण आणि कामावरील इजा एवढ्यांना जागा मिळाली. बेकारी उंबरठ्याबाहेर राहिली. ती आत येण्यास २००५ साल उजाडले. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना लागू झाली. पुढे १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली: काम सुटल्यास नव्वद दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या चौथ्या हिश्श्याइतकी मदत, आणि तीही आयुष्यात एकदाच. २०२० च्या टाळेबंदीत ही मदत निम्म्या मजुरीपर्यंत वाढविण्यात आली. मालकाच्या हातून अर्ज येण्याची अट काढली, काम सुटल्यापासून नव्वदऐवजी तीस दिवसांनी मदत देय ठरविली आणि अर्जाचा निकाल पंधरा दिवसांत लावण्याचे जाहीर झाले. या सवलती विचारपूर्वक दिलेल्या होत्या, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ज्याने मालकाची सही मागण्याची अट काढली, त्याने कामगाराचे दुःख जवळून पाहिले असावे.

आता आमच्या पक्षकाराच्या अर्जाचे काय झाले ते पाहा. नियम असा होता की, काम सुटण्याच्या लगतच्या वर्गणी-सहामाहीत निदान अठ्ठ्याहत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी, आणि त्यापूर्वीच्या दोन वर्षांतील दुसऱ्या एखाद्या सहामाहीतही तेवढीच. लगतची सहामाही म्हणजे ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१. तो त्या सहाही महिन्यांत कामावर होता. परंतु १ जानेवारीस कारखान्याने ठेकेदार बदलला. मनुष्य तोच, यंत्र तेच. नव्या ठेकेदाराने मात्र जुना विमाक्रमांक विचारण्याचे कष्ट न घेता त्याच्या नावाने नवा क्रमांक काढला. नव्या क्रमांकावर जानेवारी ते मार्च मिळून एकाहत्तर दिवस दिसले, आणि मागील दोन वर्षांच्या जागी शून्य. अर्ज नामंजूर झाला. सात दिवस कमी पडले! जुन्या क्रमांकावर त्याची कित्येक वर्षांची वर्गणी सुखरूप पडून होती, पण एका खोक्यातील कागद दुसऱ्या खोक्यातील कागदाला ओळखत नव्हता.

दोन क्रमांक एक करून घ्यावेत एवढेच काम होते. त्यासाठी जुन्या ठेकेदाराचे पत्र हवे. जुन्या ठेकेदाराने गाशा गुंडाळला होता. मग कारखान्याचे पत्र हवे. कारखान्याचे म्हणणे, हा आमचा नोकरच नव्हे. कचेरीत विचारावे तर ‘वर पाठविले आहे’ हे उत्तर. ‘वर’ म्हणजे नेमके कोठे, हे वीस वर्षांहून अधिक वकिली करूनही आम्हांस कळलेले नाही. तो आमच्याकडे आला तेव्हा सातवा महिना चालू होता.

आम्ही त्यास विचारले, “इतके दिवस घर कसे चालविलेत?”

तो म्हणाला, “वकीलसाहेब, बायको घरी अगरबत्त्या वळते. बाकी वाण्याची उधारी. आणि मेहुण्याकडून घेतले थोडे.”

“आणि तुम्ही स्वतः?”

यावर तो जे बोलला ते ऐकून आम्ही लेखणी खाली ठेवली. अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानदाराने त्यास बजावले होते की, ज्या दिवसांचा भत्ता मागतोस त्या दिवसांत तू बेकार असला पाहिजेस. कोठे चार पैसे कमावलेस आणि ते उघडकीस आले तर भत्ता जाईल, वर खोटे लिहून दिल्याचा ठपका येईल. दुकानदार सर्वस्वी चुकीचे बोलत नव्हता. भत्ता बेकाराचा, तेव्हा बेकारी खरी हवी. म्हणून हा गृहस्थ, समोरच्या बसस्थानकावर हमालीचे काम रोज मिळत असता, तीन महिने हात बांधून घरी बसला. “साहेब, कागदावर सही केली होती ना,” एवढेच त्याचे स्पष्टीकरण. आमच्या ओळखीच्या सुशिक्षित मंडळींपैकी किती जण एका सहीला इतके मानतील, याचा विचार आम्ही त्या दिवशी बराच वेळ करीत होतो.

येथे या प्रश्नाची खरी गोम आहे. जमिनीचा वाद वीस वर्षे चालला तरी शेवटी जमीन जागेवर असते. थकलेला पगार उशिराने मिळाला तरी तो पगारच असतो. बेकारीचा भत्ता मात्र तसा नाही. पुढचे काम मिळेपर्यंत चूल पेटती राहावी, सावकाराच्या दारी जावे लागू नये, मिळेल ते पहिले काम अगतिकपणे पत्करावे लागू नये, यासाठी तो असतो. तेराव्या महिन्यात हाती आलेला नव्वद दिवसांचा भत्ता हा भत्ता राहत नाही. तो वाण्याच्या वहीतील जमेची एक नोंद होतो. आमच्या पक्षकाराच्या बाबतीत तर त्याने नुकसानच आधी केले. न आलेल्या पैशाच्या आशेने त्यास कमावता येण्याजोगे पैसेही सोडावे लागले.

अपिलाची वाट होती. १९४८ च्या कायद्याने विमा न्यायालये स्थापिली होती. हक्क उत्पन्न झाल्यापासून तीन वर्षांत तेथे अर्ज करता येई, आणि त्या निर्णयावर, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, साठ दिवसांत उच्च न्यायालयात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. विमा न्यायालयाची वाट संहितेतही ठेवलेली आहे. पण हिशेब करून पाहा. बारा हजार पगाराच्या निम्म्याने तीन महिन्यांचे होतात अठरा हजार रुपये. त्यासाठी न्यायालयाच्या तारखा, आणि प्रकरण वर गेलेच तर इंदूरच्या खंडपीठाच्या वाऱ्या. ज्याच्यापाशी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे, त्यास अपिलाचा अधिकार देऊन आपण काय दिले?

माळव्यात याहून मोठी उदाहरणे आहेत. इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि पुढे अवसायनात निघाली. सुरक्षित कर्ज देणाऱ्या धनकोंच्या बरोबरीने कामगारांच्या देण्याला स्थान देणारी तरतूद कंपनी कायद्यात १९८५ सालीच आली होती. तरीही कामगारांच्या देण्यांचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश अवसायक आणि कामगार संघटना यांच्या हाती पडला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तोपर्यंत अनेक कामगार दिवंगत झाले होते. त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी कागद पुढे केले. उज्जैनच्या विनोद मिलचे देणेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि गिरणीच्या जमिनीच्या विक्रीशी जोडले गेले. आमच्या पक्षकाराचे वडील दुसऱ्या एका गिरणीत होते. त्यांच्या हिशेबाचे कागद त्याच पिशवीत, त्याच्या अर्जाच्या खाली होते. बापलेकांची बेकारी एका पिशवीत!

मग यावर उपाय काय? आमच्या मते तो आपल्याच महाराष्ट्रात पूर्वी सुचलेला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीची योजना निघाली. तिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम दिले नाही तर भत्ता द्यावयाचा, असे त्यात होते. भत्त्याचा किमान दर तेव्हा दिवसाला अवघा एक रुपया होता, आणि तो तरी कितीजणांच्या हाती पडला हा प्रश्न निराळा. पण तत्त्व पाहण्यासारखे आहे. तेथे शासनाच्या उशिराची किंमत शासनावर बसविली होती. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही १९८७ साली अशीच सुधारणा झाली: तीस दिवसांत रक्कम दिली नाही तर व्याज. बेकारीच्या अर्जालाही हाच न्याय लावता येईल. पंधरा दिवसांत निकाल न झाल्यास पहिल्या महिन्याचा भत्ता बंधपत्रावर आपोआप सुटावा. पुढे अर्ज खोटा ठरला तर तो वसूल करावा. दोन क्रमांक जुळविण्याचे काम, ज्याच्या दप्तरात ते दोन्ही क्रमांक आहेत, त्याच्यावर असावे. ज्याच्या हाती फक्त एक फाटकी पावती आहे त्याच्यावर नसावे. आणि मुदत टळलीच तर कचेरीने आमच्यासारखा विलंबमाफीचा अर्ज लिहावा, कारणे दिवसवार द्यावीत. कातिजीच्या निकालाचा आधार तीही घेऊ शकेल; तो मुळात सरकारसाठीच दिलेला आहे.

आमच्या प्रकरणात न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. आम्ही रीतसर नोटीस दिली, दोन्ही क्रमांकांवरील वर्गणीचा तक्ता सोबत जोडला, प्रत्येक कागदावर तारखेसह पोच घेतली आणि विमा न्यायालयातील अर्जाचा मसुदा तयार ठेवला. क्रमांक एक झाले. तेराव्या महिन्यात पैसे खात्यात जमा झाले. त्यांतील बहुतेक वाण्याकडे गेले, काही मेहुण्याकडे. फी आम्ही घेतली नाही. त्याच्या बायकोने अगरबत्तीचा पुडा आणून टेबलावर ठेवला, तो नाकारणे आम्हांस जमले नाही.

सध्या तो देवास गेटच्याच एका लॉजवर रात्रपाळीचा पहारेकरी आहे. तेथे काम शोधण्यास आलेली खेड्यापाड्यांतील पोरे उतरतात. नोकरी लागली असे कोणी सांगितले की हा त्यास प्रथम विमाक्रमांक विचारतो, तो एका कागदावर लिहावयास लावतो आणि ठेकेदार बदलला तर हाच क्रमांक पुढच्याला दाखव म्हणून बजावतो. दर सहा महिन्यांनी आपले दिवस किती भरले ते पाहून घ्यावे, हेही सांगतो. गेल्या आठवड्यात त्याने असाच एक मुलगा आमच्याकडे पाठविला. त्याच्याजवळ तीन क्रमांक होते.