मागे नेणारे बटण

गेल्या दिवाळीत आमच्या घरी वास्तववादावर एक परिसंवाद झडला. अध्यक्षपद अर्थातच माझ्याकडे होते. कारण वास्तववाद शिकवण्याचा पगार मी गेली वीस वर्षे घेत आहे. वक्ते दोन : एक आमचे जळगावचे चिरंजीव, आणि दुसरा वहिनींबरोबर धुळ्याहून सुट्टीला आलेला पुतण्या. विषय मात्र कादंबरी नव्हता. टीव्हीवर खेळावयाच्या मोटारशर्यतींपैकी अधिक खरी कोणती, हा होता!

चिरंजीव प्लेस्टेशनवरच्या 'ग्रॅन टुरिझ्मो'चे भक्त. हा खेळ मूळचा जपानी, १९९७ सालचा. धुळेकर एक्सबॉक्सवरच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'चा अभिमानी. तो खेळ २००५ साली अमेरिकेत निघाला. आपले यंत्र पिशवीत घालून तो एस.टी.ने घेऊन आला होता, यावरून त्याची निष्ठा ध्यानात यावी. जर्मनीतला न्यूरबर्गरिंगचा १९२७ सालचा, सुमारे २१ किलोमीटरांचा डोंगरी मार्ग दोन्ही खेळांत आहे. त्यामुळे कसोटीचा दगडही तयार होता.

"वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर कसं जातं, ते माझ्या हाताला कळतं," चिरंजीव म्हणाले.

"आमच्या नव्या खेळात एकेका टायरचा रस्त्याशी आठ ठिकाणी हिशेब धरतात," धुळेकर उत्तरला. "आणि तुझी गाडी भिंतीवर आदळली तरी नव्या नवरीसारखी! आमची चेपते, लंगडते."

मला फडके-खांडेकर आठवले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, यावर त्या दोघांनी एके काळी सारा मराठी वाचक दोन तटांत उभा केला होता. इथे दोन तट एकाच सतरंजीवर बसले होते, आणि मधे चिवड्याची ताटली.

शेवटी चिरंजीवांनी ठेवणीतला बाण काढला. "तुझ्या खेळात चुकलं की बटण दाबायचं आणि गाडी काही क्षण मागे न्यायची! यात खरं काय?"

अध्यक्षांना राहवले नाही. झालेले न झालेले करता येत नाही, हेच वास्तवाचे पहिले लक्षण, असा मी निकाल दिला. दाखलाही दिला. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ साली 'ग्रॅन टुरिझ्मो'ची स्पर्धा जिंकून खराखुरा शर्यतपटू झाला. २०२३ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. पण २०१५ साली याच न्यूरबर्गरिंगवर त्याची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक दगावला. "त्याला कुठलं बटण मिळालं?" मी विचारले.

विचारले, आणि जीभ चावली.

दादा, म्हणजे या पुतण्याचे वडील, सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्याच तोंडावर धुळ्याहून आमच्याकडे यायला निघाले होते. पारोळ्याच्या पुढे, दिवेलागणीच्या वेळी, कापसाने भरलेली ट्रॉली आडवी आली. तिला मागे दिवा नव्हता. दादा एरंडोलपर्यंतही पोचले नाहीत.

पुतण्याने मान वर केली नाही. "काका, ते बटण खोटं आहे, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण बाकीचं सगळं खरं असल्याशिवाय त्या खोट्याला काय अर्थ?"

वीस वर्षांत इतके नेमके वाक्य माझ्या तोंडून वर्गात निघालेले नाही. कादंबरीतली गल्ली, तिथली बोली, भिंतीची ओलसुद्धा आपल्याला हुबेहूब हवी असते. मी ते लेखकाचे कसब म्हणून शिकवत आलो. एखाद्याला कुठे तरी परत जायचे असेल, म्हणून रस्ता ओळखीचा लागतो, हे मला कधी सुचले नव्हते.

अध्यक्षीय समारोप झालाच नाही. मी सतरंजीवर पुतण्याशेजारी बसलो आणि त्याचे यंत्र हातात घेतले. पहिल्याच वळणावर माझी गाडी झाडीत शिरली.

"थांबा, काका." त्याने माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि बटण दाबले. गाडी झाडीतून मागे मागे सरकत पुन्हा रस्त्यावर येऊन उभी राहिली.

"आता जरा हळू घ्या," तो म्हणाला.

मला स्कूटर शिकवताना दादाही हेच म्हणत.