पिल्ली

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात एकाच प्रश्नावर चर्चा चालू होती : मोठे मांजर आणायचे की पिल्लू?

बाबांचे पोस्टिंग सध्या सिकंदराबादला आहे. माझी धाकटी बहीण चिऊ चौथीत आहे आणि ही तिची तिसरी शाळा. मी सहावीपासून इथे होस्टेलवर. आई सकाळी शिकवायला जाते. दुपारी क्वार्टरचे कुलूप बहुतेक वेळा चिऊच उघडते. म्हणून तिने वाढदिवसाला मांजर मागितले. आईने अट घातली की विकत आणायचे नाही, शेल्टरमधून आणायचे. बाबांनी दुसरी अट घातली, "दोन वर्षांनी बदली होईल. तेव्हा ते आपल्याबरोबर येईल. हे कबूल असेल तरच आणू."

साताऱ्याहून आजीचा फोन आला. "कुत्रं माणसाला धरतं, मांजर घराला धरतं. तुम्ही आज इथं, उद्या तिथं. कशाला मांजराचे हाल?" बाबा नुसते हसले.

बोलारमच्या पुढे एका घराच्या आवारात पत्र्याची शेड टाकून एक बाई मांजरे सांभाळतात. बाबांनी स्पीकरवर फोन लावला तेव्हा त्या हिंदीत म्हणाल्या, "पिल्ली है, आ जाइए." चिऊने उडीच मारली. आमच्याकडे पिल्लांना पिल्ली म्हणतात. तिने लगेच खोक्यात जुनी शाल अंथरली आणि दोन नावेही ठरवून टाकली.

तिथे गेल्यावर घोटाळा कळला. तेलुगूत पिल्ली म्हणजे मांजर! पिल्लू म्हणजे 'पिल्लि पिल्ल'. बाईंनी मोठ्या मांजराबद्दल सांगितले होते. पण योगायोगाने आदल्याच दिवशी कोणीतरी दोन महिन्यांची तीन पिल्लेही आणून दिली होती. म्हणजे निवड करायची वेळ आलीच.

पिल्ले खोक्यातून बाहेर पडून चिऊच्या बुटाच्या लेसवर तुटून पडली. मोठी मांजरी पिंजऱ्यात मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसली होती. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, साधारण चार वर्षांची. डाव्या कानाचे टोक थोडे कापलेले. मला वाटले भांडणात फाटले असेल. बाईंनी सांगितले की ती नसबंदी झाल्याची खूण असते.

तिची गोष्टही त्यांनी सांगितली. तिच्या घरच्यांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये गेले, माणसे गेली, ही राहिली. कित्येक दिवस बंद दारासमोर बसून होती. शेवटी शेजाऱ्यांनी इथे आणून सोडली. त्याला सहा महिने झाले. लोक येतात, पिल्लू घेऊन जातात.

मग बाईंनी आम्हाला हिशेब समजावला. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे लागते. पुन्हा पुन्हा जंताचे औषध. आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी तिचा दुसरा डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, पुढे नसबंदी. घरात दिवसभर कोणी नसेल तर एकटे पिल्लू कंटाळते, पडदे फाडते. त्यापेक्षा दोन न्यावीत, म्हणजे ती एकमेकांशी खेळतात. आणि मोठेपणी त्याचा स्वभाव कसा होईल हे आज कोणी सांगू शकत नाही. पिल्लू घरात लवकर रुळते, माणसांची आणि प्रवासाची सवय त्याला सहज लावता येते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मोठ्या मांजरीचे मात्र सगळे माहीत होते. लसी झालेल्या, वाळूचा ट्रे वापरते, ओरबाडत नाही, कुकरच्या शिट्टीला घाबरते, उचललेले आवडत नाही. "मांडीवर कधी बसेल की नाही, सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

मला पिल्लू हवे होते. मी बाबांना म्हणालो, "ही आता मोठी झाली. हिला आपली सवय होणार नाही. पहिल्यापासून आपल्यात वाढलेलंच आपलं होतं."

बोलता बोलता मी थांबलो. हे वाक्य मी आधीही बोललो होतो.

आपल्याकडे सहावीत आणि नववीतही प्रवेश होतो हे सर्वांना माहीत आहे. गेल्या वर्षी नववीत आमच्या डॉर्मिटरीत एक नवा मुलगा आला. आम्ही सहावीपासूनचे. पहिल्या रात्री रडलेलो एकत्र, पहिल्या क्रॉसकंट्रीत ओकलेलो एकत्र. त्याला आमचे विनोद कळायचे नाहीत आणि आम्ही ते समजावून सांगायचो नाही. आम्ही त्याचे नाव 'पार्सल' ठेवले. मेसमध्ये तो टेबलाच्या कडेला बसायचा. एकदा कोणीतरी म्हणाले, त्याला आपल्या टीममध्ये घेऊ. त्यावर मीच म्हणालो होतो, "मोठा होऊन आलाय. पहिल्यापासून आपल्यात वाढलेलेच आपले."

शेडमध्ये उभा असताना मला तो जेवताना कसा दिसायचा ते आठवले. तोही भिंतीकडे तोंड करूनच बसायचा.

निर्णय मात्र मी घेतला नाही. चिऊ डोळे पुसत म्हणाली, "या पिल्लांना कोणीतरी नेईलच." आणि मोठ्या पिंजऱ्यासमोर जाऊन बसली.

घरी आल्यावर मांजरी सरळ दिवाणाखाली शिरली. बाईंनी सांगून ठेवले होते, "पहिले तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिन्यांनी घर तिचे." आईने सवयीने बशीत दूध ठेवले, ते काढून घ्यावे लागले. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते. पाणी, मांजराचे खाणे आणि कधीतरी बिनमिठाचे उकडलेले चिकन, एवढेच. ती फक्त रात्री, आम्ही झोपल्यावर खायची. चिऊ रोज दिवाणासमोर पालथी पडून तिला शाळेच्या गमती सांगायची. तिला ओढून बाहेर काढायचे नाही, हा नियम होता. तो पाळणे चिऊला फार जड गेले. मी जवळच जमिनीवर बसून सुट्टीचा अभ्यास करायचो. टक लावून पाहिले की मांजराला भीती वाटते, म्हणून वहीतच बघायचो.

दहाव्या दिवशी माझ्या तळपायाला काहीतरी ओले लागले. ती हुंगत होती. मी गणित अर्धवट सोडून तसाच बसून राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात तिने झोपायला जागा निवडली ती माझ्या काळ्या लोखंडी ट्रंकेवर. आम्हाला वाटले, जिंकलो. मग सुट्टी संपत आली, मी ट्रंक उघडली आणि कपडे भरायला लागलो. ती दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळाने पाहिले तर पुन्हा दिवाणाखाली, अगदी मागे, भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी जेवली नाही. सामान बांधले की पुढे काय होते ते तिला माहीत होते. आजीला फोनवर हे सांगितले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

शाळेत परतल्यावर पहिल्याच रात्री मी मेसमध्ये टेबलाच्या कडेला जाऊन बसलो. मी माफी वगैरे मागितली नाही, ते जमले नाही. फक्त त्याच्या नावाने हाक मारून विचारले, "सुट्टी कशी गेली?" तो "ठीक" म्हणाला आणि जेवत राहिला. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. मला राग आला, मग आठवले, मांजरीने दहा दिवस घेतले होते. 'पार्सल' हे नाव आमच्या डॉर्मिटरीत आता कोणी घेत नाही. तो माझा जिवलग मित्र झाला असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. पण आम्ही एका टेबलावर जेवतो, आणि आता तो टेबलाच्या मध्ये बसतो.

सुट्टीत कोणाच्या घरी मांजर आणायचा विचार असेल, तर घरात दिवसभर माणूस आहे का ते आधी पाहा. असेल, वेळ आणि उत्साह असेल, तर पिल्ले जरूर आणा, जमल्यास दोन. नसेल, तर पिंजऱ्यात मागे बसलेल्या मांजराबद्दलही एकदा विचारा.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ती चिऊच्या पायाशी झोपलेली होती. मांडीवर अजून बसत नाही. चिऊने तिचे नाव 'पिल्ली' ठेवले आहे. मराठीत चूक, तेलुगूत बरोबर. बाबांनी प्रवासाचा पिंजरा आतापासूनच आणून खोलीत दार उघडे ठेवून ठेवला आहे, आत चिऊची ती जुनी शाल. सवय व्हावी म्हणून. दुपारी ती त्यातच झोपते.

बदलीची ऑर्डर अजून आलेली नाही.