जुन्या यंत्राचें निदान

वैद्याकडे न नेतांच रोग्याविषयीं निराश होणें हें शहाणपणाचें नव्हे, हें आपण सर्वच जाणतों. यंत्रांच्या बाबतींत मात्र हा नियम आपण सहसा पाळीत नाहीं. 'बिघडलें, नवें घ्या' हा एकच उपचार आज घरोघर चालतो.

आमच्या घरांतील आठ वर्षांच्या संगणकावर पुतण्यानें लिनक्स ही प्रणाली बसविली. तिचा गाभा, ज्यास कर्नल म्हणतात, लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रथम जगापुढें ठेवला. तो कोणासही फुकट मिळतो आणि आपल्या गरजेप्रमाणें बांधून घेतां येतो. पुतण्यानेंही तो स्वतःच बांधला होता. सर्व कांहीं चाललें, पण वायफाय कांहीं केल्या लागेना. यंत्र मोडींत द्यावें असें दुकानदारानें सांगितलें आणि घरांतही तसाच कौल पडला. परंतु धाकट्या पुतणीचा अभ्यास त्याच यंत्रावर व्हावयाचा होता, व दुसरें घेण्याची त्या वर्षीं सोय नव्हती. म्हणून आम्ही पुतण्यास घेऊन निदानास बसलों.

पहिला प्रश्न असा कीं, कार्ड यंत्रास दिसतें काय? 'एलएसपीसीआय' ही आज्ञा देतांच तें आपल्या क्रमांकासह यादींत दिसलें. म्हणजे कार्ड जिवंत होतें. दुसरा प्रश्न, त्यास चालविणारा ड्रायव्हर कर्नलांत आहे काय? तोही होता. मग 'डीमेसग' या आज्ञेनें कर्नलाची रोजनिशी उघडली. कार्डांत भरावयाची आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, उघडतां आलें नाहीं, असें तींत लिहिलें होतें. चूक क्रमांक उणे दोन. याचा अर्थ फाईल सांपडली नाहीं. पण फाईल तर डिस्कवर जागच्या जागीं होती!

गोम येथेंच होती. कर्नल बांधतांना बहुतेक ड्रायव्हरांपुढें तीन पर्याय असतात. 'वाय' म्हणजे गाभ्यांतच घालणें, 'एम' म्हणजे वेगळें मॉड्यूल ठेवणें, आणि 'एन' म्हणजे वगळणें. येथें 'वाय' दिलेलें होतें. कोठीचें कुलूप उघडण्यापूर्वींच जिन्नस मागावा, तद्वत् डिस्कवरील फाइली हाताशीं येण्यापूर्वींच ड्रायव्हर फर्मवेअर मागत होता. 'एम' करून कर्नल पुन्हां बांधला आणि वायफाय लागलें. आरंभींच उघडणाऱ्या 'इनिटरॅमएफएस' या लहान गांठोड्यांत ती फाईल घातली असती तरीही काम भागलें असतें. पुतणीचा अभ्यास दुसऱ्याच दिवशीं सुरू झाला.

ज्यांच्या घरीं असें यंत्र अडगळींत पडलें असेल, त्यांनीं भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एक संध्याकाळ ही रोजनिशी वाचण्यास द्यावी. दर वेळीं यश येईलच असें नाहीं. कांहीं कार्डांस लिनक्सचा ड्रायव्हरच उपलब्ध नसतो. तथापि कोठें अडलें हें कळल्यावर वस्तु टाकणें आणि न कळतां टाकणें, यांत पुष्कळच अंतर आहे.