दिव्यांची हजेरी

हजेरी घेणे हा आमचा व्यवसायच म्हणावा लागेल. आधी शिक्षक आणि आता मुख्याध्यापक या नात्याने सरकारी शाळेत आम्ही जवळजवळ तीस वर्षे रोज सकाळी हजेरी घेत आलो आहोत. नव्या शिक्षकांना आम्ही आवर्जून सांगतो, की गैरहजर मुलाची चिंता कुणीही करतो. पण जो मुलगा हात वर करून काही सांगू पाहतो आहे, त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर तो दोष सर्वस्वी आपला. हा उपदेश आम्ही इतरांना इतकी वर्षे केला. परंतु आमच्याच मोटारीत एक दिवा दीड महिना हात वर करून बसला होता, त्याच्याकडे मात्र आम्ही पाहिले नाही. त्याची किंमत आमच्या सौभाग्यवतीला मोजावी लागली.

ही हकीकत सांगताना संकोच वाटतो. पण इंदूर, देवास, उज्जैनकडील आपल्या मराठी घरांचे लग्नकार्यासाठी, कुलदैवताच्या दर्शनासाठी महाराष्ट्रात जाणे-येणे सतत चालू असते, आणि हल्ली ते बहुधा स्वतःच्या मोटारीने होते. म्हणून ती सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमची पहिली गाडी म्हणजे जुनी घेतलेली मारुती ८००. तिला समजून घ्यायला कान आणि पाय पुरेसे असत. ब्रेक घासला तर तो किंचाळे, टायर बसला तर गाडी एका अंगाला ओढे. पुढे २०२२ च्या दसऱ्याला, मुलाच्या आग्रहावरून आणि त्याच्याच हातभाराने, नवी मोटार दारात आली. हिच्या पुढच्या काचेमागे, आरशाजवळ, एक लहानसा कॅमेरा होता. रस्त्यावरचे पट्टे तो पाहत असे. समोरच्या वाहनाशी टक्कर होण्याचा संभव दिसला तर आधी इशारा देणे, आणि चालकाने काहीच केले नाही तर स्वतः ब्रेक लावणे, अशी व्यवस्था त्याच्या भरवशावर केलेली होती. गाडी ताब्यात देताना तेथील मुलाने दहा मिनिटांत हे सारे सांगितले, आम्ही मान डोलावली, आणि साडेतीनशे पानांची माहितीपुस्तिका समोरच्या कप्प्यात ठेवून दिली. पाठ न वाचता परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आम्ही वर्गाबाहेर उभे करतो, याची त्या क्षणी आठवण झाली नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात एका ट्रकच्या चाकाखालून उडालेला दगड काचेवर बसला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. आम्ही जवळच्याच एका दुकानातून नवी काच बसवून घेतली. काम लवकर झाले आणि स्वस्तातही. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या पटलावर एक पिवळा दिवा लागून राहू लागला. काच बसवणाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सरजी, ये तो जलती रहती है, आप आराम से चलाइए.” गाडी तर उत्तम चालत होती. आम्ही आरामात चालवीत राहिलो.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी आहे. आमच्या गाडीत मागच्या आसनावर बसणाऱ्यानेही पट्टा लावला नाही तर घंटी वाजते. आईचे वय ब्याऐंशी, तिची पाठ दुखते, म्हणून ती पुढे बसे, सौभाग्यवती मागे. पट्टा गळ्याशी काचतो, साडी चुरगळते, अशी तिची तक्रार असे, आणि घंटीने आमचे डोके उठे. यावर एका दुकानदाराने तोड सुचवली : पट्ट्याच्या टोकाला असते तशी धातूची नुसती जीभ. ती कुलपात अडकवली की गाडीला वाटते पट्टा लागला. शे-सव्वाशे रुपयांत आम्ही शांतता विकत घेतली. असल्या खोट्या जिभा विकणाऱ्यांवर सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्येच कारवाई केली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे धुळ्याला लग्न होते. शाळेचे काम आटोपून निघेपर्यंत दुपारचे चार वाजले. मानपूरचा घाट उतरलो, खलघाटला नर्मदामाईला हात जोडले आणि निमाडातून पुढे निघालो, तोवर सूर्य मावळला. उजेड पुरता गेलेला नाही आणि दिव्यांचा प्रकाशही पडत नाही, अशी ती वेळ. आमचा वेग ताशी ऐंशीच्या आसपास असेल. एकाएकी समोर एक काळा ढिगारा दिसला. कापसाने काठोकाठ भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टीही नाही.

आम्ही ब्रेकवर जोरात पाय दाबला. तोच पायाखाली ब्रेक थरथरू लागला आणि घरघर असा आवाज आला. काहीतरी तुटले, या भीतीने आम्ही क्षणभर पाय उचलला! ताशी ऐंशीच्या वेगाने मोटार एका सेकंदात बावीस मीटर जाते. आमचा तो क्षण म्हणजे केवढे अंतर, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पुन्हा पाय दाबला, चक्र डावीकडे वळवले, आणि गाडी ट्रॉलीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेच्या मातीत उभी राहिली. कुठे धक्का लागला नाही. आईला पट्ट्याने धरून ठेवले होते. मागून मात्र आवाज आला नाही म्हणून वळून पाहिले, तर लाडवांच्या डब्यांसह सौभाग्यवती दोन आसनांच्या मधल्या जागेत पडली होती. पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळून तिच्या खांद्याजवळचे हाड मोडले होते. “अहो, आई ठीक आहेत ना?” हे तिचे पहिले शब्द.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात होतो. अंतरपाटाशी मुलाच्या पाठीमागे मामाने उभे राहायचे असते. आमच्या भाच्यामागे दुसरेच कोणी उभे राहिले. बहिणीच्या मुलीने लग्न फोनवरून दाखवले. मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याशेवटी येणारा ‘सावधान’ हा शब्द आम्ही आयुष्यात शेकडो वेळा ऐकला असेल. त्या दिवशी खाटेशेजारी बसून तो ऐकताना आम्हाला पत्नीच्या तोंडाकडे पाहवेना.

पुढचे सहा आठवडे तिचा हात झोळीत होता. त्या काळात आम्ही ती पुस्तिका कप्प्यातून काढली आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून वाचली. आई त्याला ‘पारायण’ म्हणे. त्या पारायणात जे कळले, त्यातले महत्त्वाचे तेवढे येथे सांगतो.

पहिली गोष्ट दिव्यांची. गाडी सुरू करताना समोरच्या पटलावर बहुतेक इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात आणि काही क्षणांत विझतात. ही शोभा नव्हे, ही हजेरी आहे. प्रत्येक यंत्रणा ‘उपस्थित’ म्हणून सांगते आणि खाली बसते. जो दिवा लागून राहिला त्याची काही तक्रार आहे, आणि जो मुळी लागलाच नाही तोही संशयास्पदच, कारण पुढे बिघाड झाला तरी तो बोलणार नाही. लाल दिवा म्हणजे सुरक्षित जागा पाहून लगेच थांबा. पिवळा म्हणजे गाडी चालेल, पण लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा केवळ माहिती देतात.

आमचा पिवळा दिवा त्या कॅमेऱ्याचा होता. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर केसभर सरकते, आणि जवळ केसभर चुकलेली नजर शंभर मीटरांवर भलतीकडेच जाते. म्हणून काच बदलल्यावर गाडीसमोर ठरावीक अंतरावर खुणेचे फलक मांडून, किंवा ठरलेल्या पद्धतीने रस्त्यावर चालवून, ती नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ते न केल्याने आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद झाली होती, आणि दिवा तेच सांगत होता. ती चालू असती तर त्या संधिप्रकाशात बिनदिव्यांची ट्रॉली तिला दिसलीच असती, असे आम्ही म्हणणार नाही. अंधुक उजेड, पाऊस, धुके, डोळ्यांवर येणारे ऊन आणि पुसट झालेले पट्टे यांत ती चुकू शकते, असे पुस्तिकाच सांगते. वर्गनायक नेमला म्हणून गुरुजींनी झोपी जायचे नसते. पण वर्गनायक आजारी आहे, एवढे तरी गुरुजींना ठाऊक असायला हवे होते.

ब्रेकची ती थरथर म्हणजे बिघाड नव्हता. तीच तर यंत्रणा काम करीत असल्याची खूण होती. एकदम ब्रेक दाबला की चाके जागीच जखडतात, गाडी घसरत जाते आणि वळवली तरी वळत नाही. ‘एबीएस’ ही व्यवस्था प्रत्येक चाकाची गती मोजून, चाक जखडू लागले की दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, सेकंदात अनेक वेळा. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. अशा गाडीत पाय घट्ट दाबून धरावा, उचलू नये आणि चक्र वळवून वाट काढावी. आमची गाडी वळली ती हिच्याच कृपेने. आता मोकळ्या, निर्मनुष्य जागी हळू वेगात आम्ही ती थरथर मुद्दाम अनुभवून घेतली आहे. घरातील प्रत्येक चालवणाऱ्याने जाणत्याच्या देखरेखीखाली ती एकदा घ्यावी.

आता पट्टा. आजचा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये सिद्ध केला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. गाडी थांबते तेव्हा गाडीच थांबते. बांधलेला नसेल तर माणूस पहिल्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि पुढच्या माणसावरही आदळतो. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर न लावल्यास हजार रुपये दंड आहे. एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदारीण आहे, त्याची जागा घेणारी नव्हे. पापणी लवण्याच्या आत ती फुगते. म्हणून चक्राला छाती टेकून बसू नये, लहान मुलाला पुढे मांडीवर घेऊ नये, आणि आसनाच्या कडेला एअरबॅग असेल तर तेथे उघडणारेच आच्छादन घालावे. पुढच्या बाजूला लोखंडी दांड्यांचे कुंपणही लावू नये. धक्का ओळखण्यात त्याने अडथळा येतो.

हे वाचताना आमचे लक्ष गणपतीच्या मूर्तीकडे गेले. ती आम्ही आईच्या समोरच, नेमकी एअरबॅगच्या झाकणावर चिकटवली होती. झाकण उडाले असते तर ती मूर्ती कुठे गेली असती, हा विचारही करवेना. आईला कसे सांगावे, या विवंचनेत आम्ही होतो. तीच म्हणाली, “अरे, त्याला खालच्या कप्प्यात बसव. त्याला तिथूनही दिसतं.”

राहिली नित्याची कामे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. जुने झाले की लांब उतारावर तापून उकळू शकते आणि ब्रेक पोकळ लागतो. ते साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. टायरमधील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, जादा चाकासह तपासावी. टायरच्या अंगावरचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, हे त्याचे जन्मटिपण होय. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो निवृत्त करावा. कॅमेऱ्यासमोरची काच स्वच्छ ठेवावी. समोरच्या जाळीत वा बंपरमध्ये रडार असेल तर दसऱ्याचा हार पूजेनंतर उतरवून मगच गाडी काढावी.

गाडीच्या कॅमेऱ्याची नजर आम्ही जुळवून घेतली आणि दिवा विझला. खोटी जीभ दगडाने ठेचून फेकून दिली.

मे महिन्यात भाचा-सूनबाईंना भेटायला आम्ही पुन्हा धुळ्याला निघालो, या खेपेस पहाटे. सौभाग्यवतीने पट्टा लावला, पदर सारखा केला. आम्ही किल्ली फिरवली, दिवे लागले, आणि मागून तिने मोजल्यासारखे विचारले, “सगळे विझले का हो?”

आम्ही एकेक पाहिला. “विझले,” आम्ही म्हणालो. “मग चला,” ती म्हणाली.