तापीचा गाळ

पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातील चांगदेवच्या संगमावर उभे राहिले, म्हणजे तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्या गढूळ होऊन धावताना दिसतात. ते नुसते पाणी नव्हे. वऱ्हाड-खानदेशची शेतेच वाहत चाललेली असतात! पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर मिळतात. धुळ्याकडून पांझरा आपला वाटा घेऊन येते. काळ्या जमिनीचा कण इतका बारीक, की एकदा पाण्यात उठला म्हणजे तासन् तास तरंगत राहतो. बांधावरचा शेतकरी ‘माती गेली’ म्हणून हळहळतो. ती गेली कोठे, हे पाहावयास सहसा कोणी जात नाही.

जळगावहून आगगाडीने सुरतेस गेलेला खानदेशी माणूस डुमसच्या किनाऱ्यावर प्रथम निराशच होतो. चित्रातला निळा समुद्र तेथे नसतो; भरतीला गढूळ पाणी आणि ओहोटीला चिखल. त्या बिचाऱ्यास ठाऊक नसते, की या चिखलात त्याच्याच शिवारातली माती आहे. नर्मदा आणि मही यांचीही तीत भर आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे.

गोड्या पाण्यात एकमेकांपासून दूर राहणारे मातीचे कण खारे पाणी लागताच परस्परांस चिकटतात आणि जड होऊन बुडू लागतात. भरती पूर्ण चढली, की पाणी थोडा वेळ निवांत होते. तीच त्यांची बसण्याची घटका. परंतु खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर विलक्षण. आखाताच्या वरच्या टोकाकडे तर पाणी सुमारे १० मीटर चढते-उतरते. बसलेला गाळ उखडून जावयास कितीसा वेळ? येथे वनस्पती आडव्या येतात. प्रथम सूक्ष्म शेवाळ चिखलावर बुळबुळीत साय धरते व त्याचे कण बांधून ठेवते. मग तिवराचे रोप रुजते. त्याची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांच्या दाटीत शिरलेले पाणी मंदावते, गाळ तेथेच टाकते आणि हलके होऊन परतते. थरावर थर चढून जमीन उंचावते, ती इतकी, की रोजची भरती तेथवर येईनाशी होते. ज्याने जमीन राखली, त्या तिवरालाच मग तेथे राहणे जड जाते!

१९७२ साली तापीवर उकाई धरण पूर्ण झाले. १९८२ साली भुसावळजवळ हतनूरचे. शेते भिजली, गावांस पाणी मिळाले. तथापि समुद्राकडे निघालेला पुष्कळसा गाळ आता वाटेतच अडतो. हतनूरचे पाणी ओसरले, की त्या गाळावर गवत उगवते आणि हिवाळ्यात दूरदेशीची बदके उतरतात. इकडे तापीच्या मुखाशी भरती मात्र पूर्वीसारखीच दिवसातून दोन वेळा येते, आणि जाताना हाती लागेल तो चिखल घेऊन जाते.