शक्तीची वेसण

१९३४ साली अमेरिकेतील ओहायो प्रांतात डब्ल्यूएलडब्ल्यू ह्या रेडिओ-केंद्राने ५०० किलोवॉट शक्तीने प्रक्षेपण सुरू केले. हा आकडा ऐकून माझे विद्यार्थी दिपतात. मला मात्र कौतुक वाटते ते अशा शक्तीला घातलेल्या वेसणीचे. जलशीतित प्रक्षेपकात आधी पाणी खेळू लागते, मग व्हॉल्व्हमधील तंतू तापतात. तोवर हजारो व्होल्टांचा दाब चढतच नाही. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की रिले नावाची चिमुकली कळ क्षणार्धात वीज तोडते. कपाटाचे दार उघडताच दाब आपोआप नाहीसा होतो. मग उघडणारा मुख्य अभियंता असो वा झाडणारा गडी! ज्या घरात धाकट्यालाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असतो, त्या घराची मला अशा वेळी आठवण होते.