ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

आमच्या दारात एक अँबॅसिडर उभी असते. १९८८ चे मॉडेल, मार्क फोर, पेट्रोलवरची. आबांनी ती १९९४ साली पंढरपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. त्या साली डाळिंबाची पट्टी घसघशीत आली होती आणि आबांनी बैलगाडीतून उतरून थेट मोटारीत बसायचे ठरवले. गिअर स्टिअरिंगजवळ आणि पुढची बैठक बाकासारखी एकसंध, त्यामुळे लग्नसराईत या गाडीत किती माणसे बसली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गाडीची घडण मॉरिस ऑक्सफर्ड या विलायती गाडीवरून घेतलेली. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती पन्नास वर्षांहून जास्त काळ बनत राहिली आणि २०१४ साली बंद झाली. पुढच्याच वर्षी आबाही गेले. गाडी माझ्याकडे आली.

पुढे जे सांगणार आहे त्यात गाडीची बदनामी नाही, हे आधीच सांगतो. बदनामी झालीच तर माझी होईल.

२०१८ च्या मे महिन्यात आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. आमचे गाव सांगोला तालुक्यातले, दवाखाना मिरजेला. दुपारच्या उन्हात निघालो. जुनोनी मागे पडली आणि बॉनेटमधून वाफा यायला लागल्या. गाडी बाभळीखाली घेतली. इंजिन तापून लाल झालेले आणि माझे डोकेही तसेच. आईसाठी घेतलेली पाण्याची कळशी होती, ती उचलली आणि गार पाणी तसेच तापल्या इंजिनवर ओतले. चर्रर्र आवाज झाला. आई म्हणाली, "अरं, तापल्या तव्यावर कुणी पाणी ओततं का? तवा तडकतो." मी म्हणालो, "आई, हे इंजिन आहे, तवा न्हाय."

दोन्ही बिडाचेच असतात, हे मला सात महिन्यांनी कळले.

तालुक्याच्या गावी एक तरुण मिस्त्री आहे. त्याच्याकडे गाडी ओढत नेली. त्याने तेलाची पट्टी काढून दाखवली. तेल काळे असायला हवे, ते दुधाळ चहासारखे झाले होते. म्हणाला, "काका, हेड गॅस्केट गेलं. पाणी तेलात उतरलं."

ज्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते त्यांना हे प्रकरण ठाऊक असेल. इंजिनचा खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक आणि त्यावर बसणारे झाकण म्हणजे हेड. दोहोंच्या मध्ये तांब्याची किंवा पत्र्याची एक पातळ चकती असते, तिला गॅस्केट म्हणतात. तिला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात. सिलिंडरातला जाळ, भोवती फिरणारे पाणी आणि वरखाली जाणारे तेल. एका घरात तीन भावांची भांडणे न होऊ देणाऱ्या म्हातारीसारखे तिचे काम. ती फाटली की पाणी तेलात जाते, नाहीतर जाळ पाण्यात शिरतो, नाहीतर पाणी सिलिंडरात जाऊन सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. कधी तिन्ही होते.

मिस्त्री म्हणाला, "नुसतं गॅस्केट टाकून चालणार न्हाय काका. हेड फेसिंगला पाठवावं लागंल. रेडिएटर बी उघडून बघू." मी विचारले, खर्च किती? त्याने आकडा सांगितला. मी म्हणालो, "गॅस्केट तेवढं टाक. बाकीचं बघू पुढं." हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण मी स्वतः ते सोयीने विसरलो.

गाडी सुरू झाली. आईचे ऑपरेशन एसटीने जाऊन झाले होतेच. पाऊस लागेपर्यंत गाडी बरी चालली, फक्त पाणी पिऊ लागली. दर आठ दिवसांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी कमी. खाली थेंब नाही, मग पाणी जाते कुठे? एका ट्रकवाल्याने सांगितले, रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती बंद होते. ड्रायव्हर मंडळी हा उपाय पुष्कळ करतात आणि बारीक गळतीवर तो थोडा वेळ चालतोही. मी घरातली मूठभर हळद टाकली. गळती रेडिएटरला नव्हतीच, त्यामुळे हळदीने मिळतील त्या बारीक नळ्या बुजवल्या. दसऱ्याच्या दिवशी गाडीची पूजा करून सीमोल्लंघनाला निघालो तर गाव संपायच्या आत दुसरे गॅस्केट गेले.

पुन्हा तोच मिस्त्री, पुन्हा नुसते गॅस्केट. या वेळी तो काही बोलला नाही. मीच म्हणालो, "मागचं डुप्लिकेट असंल."

तिसरे डिसेंबरात गेले. आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख होती आणि सकाळी आठला हजर राहायचे म्हणून आम्ही पहाटे निघालो होतो. नागज फाट्याच्या अलीकडे गाडी धडधडायला लागली, ओढ गेली आणि बंद पडली. थंडी मरणाची. आई रस्त्याच्या कडेला घोंगडी पांघरून बसली. एका डोळ्यावर भिंगाचा जाड चष्मा. येणाऱ्या प्रत्येक दिव्याकडे ती आशेने बघायची आणि प्रत्येक गाडी आमच्या अंगावर धूळ उडवून जायची. दोन तासांनी एका दुधाच्या टेंपोने घेतले. दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ टळली होती. तारीख पुढे ढकलली गेली आणि आईला तसेच परत आणावे लागले. ती एका शब्दाने बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी मिस्त्रीच्या गॅरेजात गेलो आणि दहा माणसांसमोर त्याला नको ते बोललो. चोर म्हणालो. म्हाताऱ्या बाईला थंडीत बसवलंस म्हणालो. त्याच्या हाताखाली एक पोरगे काम शिकत होते, ते पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मिस्त्री एवढेच म्हणाला, "काका, मी पहिल्याच वेळी सांगितलं हुतं." त्याने मजुरीचे पैसे काढून माझ्या हातात ठेवले. आणि लाज वाटण्याऐवजी मी ते घेतले.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितले. आई चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "गाडी ईक न्हायतर ठेव. पर त्या पोराला बोललास ते बरं केलं न्हाईस." 

भंगारवाला येऊन गाडीला फेरी मारून गेला. त्याने सांगितलेली किंमत आबांच्या एका बैलाचीही नव्हती. शेवटी गाडी पंढरपूरला एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. डोळ्याने कमी दिसते, पण हाताला अजून दिसते. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. मला विचारले, "गाडीत पानी कुठलं भरता?"

"बोअरचं."

"किती फुटांवरचं?"

"पाचशे."

चाचा हसले आणि म्हणाले, आधी रेडिएटर नाही, ब्लॉक उघडू. ब्लॉकच्या बाजूला गोल टोपणांसारखे पत्र्याचे प्लग ठोकलेले असतात. ते त्यांनी उचकटले आणि आत तार घालून ढवळले. बाहेर आले ते पाणी नव्हे, पांढरट तांबडा चिखल. क्षार, गंज आणि माझी हळद. पाण्याचा पंप इंजिनच्या पुढच्या बाजूला असतो, त्यामुळे सगळा गाळ मागे, चौथ्या सिलिंडरभोवती जाऊन बसला होता. तिथे पाणी फिरतच नव्हते. पुढची बाजू गार आणि मागची भट्टी. असे झाले की हेड सगळीकडे सारखे फुगत नाही, ते वाकते. वाकलेल्या झाकणाखाली गॅस्केट कितीही अस्सल घातले तरी जिथे फट तिथून जाळ वाट काढणारच. त्यात मी तापल्या बिडावर कळशी ओतलेली. तडा गेला नाही हे नशीब.

चाचांनी हेड उलटे ठेवून त्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात धरली. पट्टीच्या खाली फीलर गेजचे पातळ पान सरकवून दाखवले. मागच्या दोन सिलिंडरांच्या मध्ये ते सहज आत गेले. "याच्यावर तुम्ही तीन गॅस्केट घातली," ते म्हणाले. मी काय बोलणार?

हेड फेसिंगला सोलापूरला गेले. फेसिंग म्हणजे यंत्रावर हेडचा तळ घासून सपाट करणे. ते पुन्हा पुन्हा करता येत नाही. दर वेळी धातू कमी होतो, सिलिंडरवरची पोकळी लहान होते आणि दाब वाढतो. मधल्या चार दिवसांत चाचांनी ब्लॉकचा माथाही पट्टीने तपासला. स्टड जिथे रोवलेले असतात तिथे भोकांच्या कडा पुरणपोळीच्या फुगीसारख्या वर आल्या होत्या, त्या कानशीने बसवल्या. स्टडचे आटे साफ केले. रेडिएटर उघडून रॉड मारून घेतला, कारण निम्म्या नळ्या बंद होत्या.

नट आवळायची वेळ आली तेव्हा मला शेजारी उभे केले. मधल्या नटापासून सुरुवात, मग आळीपाळीने बाहेर कडेकडे, आणि तेही एका दमात नाही. तीन फेऱ्यांत, दर फेरीला थोडे जास्त, टॉर्क पान्याने मोजून. एका कडेकडून आवळत गेले तर दुसरी कड उचलते. भाकरी थापताना बाई मधून दाब देत कडेला जाते, तसेच अगदी. पुढे गाडी दोनशे मैल पळवून आणि पूर्ण गार करून त्यांनी नट पुन्हा तपासले आणि टॅपेट लावून दिले, कारण या इंजिनात हेड आवळले की टॅपेटचे अंतर बदलते. तेल तर आधीच दोनदा बदलले होते. दुधाळ तेलावर इंजिन चालवले की बेअरिंगे जातात, आणि मग खर्च गॅस्केटचा राहत नाही.

घरी आल्यावर हे सगळे मी मोठ्या कौतुकाने सांगत होतो. कारभारीण तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोअरच्या पाण्यात डाळ शिजत न्हाय म्हणून मी रोज आडाचं पाणी आणते. दर दिवाळीला बंबातनं घमेलंभर खापऱ्या काढते. त्योच बंब तुमी गाडीत घेऊन फिरत हुता. मला इचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं."

डाळिंबाच्या ठिबकची भोके क्षाराने बुजतात म्हणून आपण नळ्यांना आम्ल सोडतो. ते मी वर्षानुवर्षे करत आलो. गाडीच्या बाबतीत मात्र डोके चालले नाही.

आता पत्र्याच्या वळचणीला पन्हाळ लावली आहे. पहिला पाऊस जाऊ देतो आणि नंतरचे पाणी गाळून कॅनमध्ये भरतो. नुसते मऊ पाणीही बिडाला गंज धरवते, म्हणून त्यात डब्यावर लिहिलेल्या मापाने कूलंट घालतो. कूलंटबद्दल एक सांगायलाच हवे. चवीला ते गोड असते आणि विष असते. कुत्रे, वासरू, लहान मूल, कोणीही चाटेल. सांडले तर लगेच धुवा आणि उरलेला डबा माडीवर ठेवा. तशीच गोष्ट रेडिएटरच्या झाकणाची. आतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण फिरवले की एकदम उसळते. माझ्या चुलतभावाच्या मनगटावर त्याची खूण आहे. गॅस्केट गेले का हे पाहायचे तर इंजिन गार असताना झाकण काढावे, मग गाडी सुरू करावी. पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले तर जाळ पाण्यात शिरतो आहे असे समजावे. मी बाहेरून टेंपरेचरचा काटाही बसवून घेतला आहे. आई शेजारी बसली की रस्ता सोडून त्या काट्याकडेच बघते. दुसरा डोळाही २०१९ च्या फेब्रुवारीत झाला, त्यामुळे आता तिला तो माझ्याआधी दिसतो.

राहिले त्या तरुण मिस्त्रीचे. पैसे परत द्यायला दोन महिने मला पाय उचलवला नाही. शेवटी बाजाराचाच दिवस धरून गेलो, गर्दी असताना. बोललो होतो दहा जणांसमोर, तर कोपऱ्यात घेऊन माफी मागणे मला पटेना. ते शिकाऊ पोरगे तिथेच होते. मी पैसे पुढे केले आणि म्हणालो, "चूक माझी होती. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस."

त्याने पैसे मोजले नाहीत, खिशात घातले. चहा सांगितला. मग उठून आमच्या गाडीपाशी गेला, बॉनेटवर हात ठेवून ती गार आहे याची खात्री केली आणि झाकण उघडून आत बोट घातले.

"कुठलं पाणी हाय, काका?"

"पावसाचं."

"मग बॅटरीला बी हेच घालताय का?"

म्हटले, नाही, बॅटरीचे पाणी दुकानातलेच घेतो.

"घ्या तेच," तो म्हणाला, आणि पोराला पाना आणायला सांगितला, कारण फॅनचा पट्टा त्याला जरा ढिला वाटत होता.